तड्याची फांदी

रेषा हेइहाची काढायचा, मी पाणी भरायचे.
आरितात तसंच आहे : कडा पुरुषांच्या,
आतली निळाई बायकांची.
कुंचला माझ्या मनगटाएवढा,
त्याच्या पोटात चहात खललेला रंग.
थाळी तिरकी धरायची, रंगाला वाहू द्यायचं
रेषेपर्यंत.
रेषा ओलांडली तर दिवसाची मजुरी गेली.

आणि रंग काळा.
भट्टीत जाईस्तोवर काळाच असतो तो.
उद्या निळा होईल या भरवशावर
आम्ही अठराजणी दिवसभर काजळ भरत बसायचो.

नमुन्याची थाळी चीनची होती.
मुकादम तिला रेशमात गुंडाळून आणायचा,
न्हाऊ घातलेल्या तान्ह्यासारखी.
तिकडे लढाई पेटली, भट्ट्या विझल्या,
आणि लाल केसांच्या परदेशी लोकांना थाळ्या तर हव्याच होत्या.
म्हणून आमचा डोंगर फोडायचा,
ओढ्यावरची उखळं रात्रंदिवस
पांढरा दगड कांडत राहायची.
धप्प. मग पाणी साठेपर्यंत शांतता. मग धप्प.
"जशीच्या तशी," मुकादम बजावायचा,
"पदरचं काही घालू नका."

थाळीत तळं, तळ्याकाठी खडक, खडकावर पक्षी.
पक्ष्याच्या पाठीमागून एक बारीक फांदी
काठापासून थेट पाण्यात उतरलेली.
पान नाही, फूल नाही.
"हिवाळा असेल," हेइहाची म्हणाला.
पण कमळं फुललेली होती.
"मग चीनमध्ये असेल तसं."
त्याने फांदी काढली,
मी तिच्या दोन्ही अंगांनी पाणी भरलं.

थाळीच्या पाठीवर सहा अक्षरं.
तीही उतरवायची, न वाचता,
मुंगीचे पाय मोजावेत तशी.
एकदा देवळातला म्हातारा भिक्षू आला, त्याने वाचली :
महान मिंग राजवटीत, अमक्या सम्राटाच्या काळी घडवली.
"तो वंश तर बुडाला," तो हसला,
"लिहिता कुणासाठी?"
हेइहाचीने मान वर केली नाही.
"दिवसाला चाळीस थाळ्यांसाठी."

मग एका वर्षअखेरीस, साफसफाईत,
ती थाळी धुवायला माझ्या हाती आली.
राखेने घासताना फांदीवर
माझं नख अडकलं.

फांदी नव्हतीच ती. तडा होता,
जुना, डाग मुरलेला.
तोवर किती हजार थाळ्या गेल्या होत्या इमारीच्या धक्क्यावरून,
किती परक्या घरांत कुणी आमचा तडा
फांदी म्हणून बघत जेवत होतं.

मी फक्त हेइहाचीला सांगितलं.
तो बराच वेळ उखळं ऐकत बसला.
दुसऱ्या दिवशी त्याने फांदी काढली
आणि टोकाशी एक पान.
तांदळाच्या दाण्याएवढं.
मुकादमाला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल.
ते पान मी कधी ओलांडू दिलं नाही रंगाला.

हेइहाची गेला. माझे डोळे अधू झाले.
चीनमधल्या भट्ट्या पुन्हा पेटल्याची बातमी आली,
आमची मागणी ओसरली, निम्म्या बायका शेतावर गेल्या.
परवा मुकादमाचा मुलगा नागासाकीहून तणतणत आला,
माझ्यापुढे एक थाळी आदळली.
"बघा, तोयो आजी! काल आपण त्यांच्याकडे पाणी भरत होतो,
आज ते आपली चोरी करतायत. आणि आपल्याहून स्वस्त!"

मी ती उजेडाला धरली.
तळं. खडक. पक्षी जरा लठ्ठ.
पाठीमागून उतरलेली फांदी,
टोकाला पान, दाण्याएवढं,
आणि पानाच्या बगलेत
एक कळी.

त्यांचाही मुकादम बजावत असेलच की.

थाळी उलटी केली. पाठ कोरी होती,
कुठल्या राजाचं नाव नाही, कुणाचंच नाही.
पुन्हा सुलटी केली
आणि सवयीने फांदीवरून नख फिरवलं,
काठापासून कळीपर्यंत.
कुठेच अडकलं नाही.